एसबीसी २० टन, पण किती खात्रीने? मातीतल्या अनिश्चिततेचा हिशोब

सॉइल रिपोर्ट, म्हणजे बांधकामाआधीच्या माती तपासणीचा अहवाल, हातात आला की बहुतेक जण सरळ शेवटचं पान उघडतात. बिल्डर उघडतो, आर्किटेक्ट उघडतो आणि खरं सांगायचं तर बरेच स्ट्रक्चरल कन्सल्टंट पण तेच करतात. तिथे एक आकडा असतो, दीड मीटर खोलीवर एसबीसी (सेफ बेअरिंग कॅपॅसिटी, म्हणजे माती सुरक्षितपणे पेलू शकेल तो भार) २० टन प्रति चौरस मीटर, तो उचलायचा, फुटिंगचा म्हणजे पायाचा साइज काढायचा, रिपोर्ट फाईलला लावायचा, झालं. मधले बोअर लॉग (तपासणीसाठी पाडलेल्या भोकांत कुठल्या खोलीला काय लागलं त्याच्या नोंदी), लॅबचे तक्ते, ग्राफ हे सगळं कोणासाठी छापलंय देव जाणे. आता हा २० कुठून आला, त्यामागे किती टेस्ट होत्या, त्या एकमेकींशी जुळत होत्या की एक म्हणत होती १२ आणि दुसरी ४५, यातलं काहीही त्या आकड्यात दिसत नाही. रिलायबिलिटी बेस्ड डिझाइन नावाचा जो मोठा पसारा जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती-पायाच्या इंजिनिअरिंगमध्ये, उभा राहिलाय त्याचं मूळ मागणं एवढंच आहे, की आकडा देताय तर तो किती खात्रीने देताय ते पण सांगा, आणि ती खात्री डिझाइनमध्ये वापरा.

गंमत म्हणजे काँक्रीटच्या बाबतीत ही सवय आपल्याला कॉलेजपासून आहे. एम २५ ग्रेडचं काँक्रीट म्हणजे सरासरी ताकद २५ मेगापास्कल नव्हे, शंभर क्यूब फोडले तर पाचपेक्षा जास्त क्यूब २५ च्या खाली जायला नकोत असा त्याचा अर्थ. म्हणून मिक्स डिझाइन करताना आपण २५ अधिक १.६५ गुणिले ४ असं करून ३१.६ टार्गेट धरतो, तो ४ म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडमधल्या, आयएस ४५६ च्या टेबलातलं स्टँडर्ड डेव्हिएशन. ३१.६ ला ४ म्हणजे साधारण १३ टक्के. ह्या टक्केवारीला सीओव्ही म्हणतात, कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते सरासरीच्या टक्क्यात. पुढे सगळीकडे हाच शब्द लागणार आहे.

आता मातीचं बघा. अमेरिकेतले मायकेल डंकन यांनी २००० साली एका पेपरात निरनिराळ्या लोकांनी मोजलेल्या सीओव्ही एकत्र दिल्या होत्या. मातीचं युनिट वेट (घनमीटरमागचं वजन) ३ ते ७ टक्के, म्हणजे ते बिचारं काँक्रीटपेक्षाही शहाणं. फ्रिक्शन अँगल (कणांमधल्या घर्षणाचं माप) २ ते १३ टक्के. पण चिकणमातीची अनड्रेन्ड शिअर स्ट्रेंग्थ (आतलं पाणी निघायला वेळ न मिळता सरकायला होणारा विरोध) १३ ते ४०, एसपीटी या ठोके मोजायच्या टेस्टचा आकडा एन १५ ते ४५, आणि चिकणमातीची परमिअ‍ॅबिलिटी (म्हणजे तिच्यातून पाणी किती झिरपतं ते) ६८ ते ९०. काँक्रीट आपण ऑर्डर देऊन बनवून घेतो, माती आहे तशी घ्यावी लागते, त्यामुळे यात नवल काही नाही. नवल याचं वाटतं की ३ टक्केवाल्या आकड्याला आणि ४० टक्केवाल्या आकड्याला आपण कॅल्क्युलेशनमध्ये अगदी एकाच मापाने वागवतो.

त्यात आपण बघतो किती? २००० चौरस मीटरचा प्लॉट, १५० मिलिमीटर व्यासाचे पाच बोअर, हिशोब केला तर प्लॉटच्या वीस हजाराव्या भागापेक्षाही कमी जागेत आपण डोकावलेलो असतो. शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळ्या पातेल्याला एकच पाणी आणि एकच आच मिळालेली असते, जमिनीखाली तसं कोणी काही शिजवलेलं नाही. पुण्यातल्या प्लॉटवर एका कोपऱ्यात दोन मीटर काळी माती मग पक्का मुरूम, आणि पन्नास फुटांवर जुना ओढा बुजवलेला, तिथे सहा मीटरपर्यंत नुसता भराव, असं सर्रास निघतं. मुंबई-नवी मुंबईकडे खाडीच्या चिखलाची जाडी एकाच प्लॉटमध्ये बदलते आणि खालचा खडक पण एका पातळीत नसतो.

निसर्गाचं हे वेडंवाकडंपण झालं पहिलं कारण. दुसरं कारण आपण स्वतः तयार करतो, मोजताना. एसपीटी घ्या, आपली सगळ्यात लाडकी टेस्ट. पुस्तकात सोपं आहे, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडणार, पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजायचं, तो एन. साइटवर तिपाई असते, विंच असतो, ड्रमवर दोराचे वेढे असतात आणि दोर सोडणारा माणूस असतो. ७५ वर खडूची खूण केलेली असते ती दुपारपर्यंत पुसली जाते, मे महिन्याचं ऊन असतं, हातोडा हळूहळू ६५ वरूनच पडायला लागतो, शिवाय दोर ड्रमवर घासतो त्यात ताकद जाते ती वेगळीच. ठोका कमजोर झाला की तेवढंच अंतर जायला ठोके जास्त लागतात, म्हणजे एन वाढतो, म्हणजे रिपोर्टमध्ये माती आहे त्यापेक्षा भक्कम दिसते. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे हे लक्षात घ्या. उलटही होतं, पाण्याखालच्या वाळूत बोअरमधलं पाणी खाली गेलं की तळातून वाळू उसळून सैल होते आणि एन उगाच कमी येतो. आणि मुरमात सॅम्पलरच्या टोकाखाली नेमका एखादा न कुजलेला दगड आला की एन ६०, रिफ्यूजल (सॅम्पलर पुढे जाईना), लिहा 'खडक लागला'.

तिसरं कारण कागदावरचं. डिझाइनला एन लागत नाही, फ्रिक्शन अँगल लागतो, मग आपण एनवरून अँगल काढणारा ग्राफ वापरतो. तो ग्राफ कुठल्यातरी स्वच्छ वाळूंवर बसवलेला असतो, तिथेसुद्धा ठिपके रेषेच्या आजूबाजूला भरपूर पसरलेले होते, पुस्तकात छापताना ठिपके गेले आणि फक्त रेष राहिली. आपण ती रेष मुरमाला लावतो. याला ट्रान्सफॉर्मेशन अनसर्टन्टी म्हणतात, आणि माझं प्रामाणिक मत असं की आपल्याकडे तिन्हींमध्ये हीच सगळ्यात मोठी असते आणि हिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

ह्या सगळ्यावर पारंपरिक उपाय काय, तर फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे मातीची ताकद भाराच्या किती पट आहे तो आकडा, १ च्या खाली गेला की फेल. बेअरिंग कॅपॅसिटीला अडीच किंवा तीन. दोन बोअर मारले तरी तीन, वीस मारले तरी तीन. उपाय वाईट नाहीये, त्यावर पिढ्यान्पिढ्या इमारती उभ्या आहेत, पण तो एक गोष्ट लपवतो ती अशी. समजा साइट क, तिथे सरासरी फॅक्टर ३ आहे पण डेटा गचाळ, फॅक्टरचा सीओव्ही ५० टक्के. साइट ख, फॅक्टर फक्त २ आहे पण तपासणी चांगली झालीये, सीओव्ही १५ टक्के. जास्त सुरक्षित कोण? सरासरी फॅक्टर १ पासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन लांब आहे ते मोजायचं, त्यालाच बीटा किंवा रिलायबिलिटी इंडेक्स म्हणतात. क मध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन १.५, आणि ३ पासून १ पर्यंतचं अंतर २, म्हणून बीटा १.३३. ख मध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन ०.३, अंतर १, म्हणून बीटा ३.३३. नॉर्मल कर्व्ह (सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला, घंटेसारखा) धरला तर क फेल होण्याची शक्यता ९ टक्के आणि ख ची साधारण २३०० मध्ये एक. ज्याचा फॅक्टर ३ आहे म्हणून आपण निर्धास्त झोपलो असतो तोच दोघांत जास्त धोक्याचा निघाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे आकडे बघून लोक एकदम भाळतात. ५० टक्के सीओव्हीला नॉर्मल कर्व्ह लावला तर दोन-सव्वादोन टक्के वेळा मातीची ताकद शून्याच्याही खाली जाते, जे हास्यास्पद आहे. म्हणून मातीच्या ताकदीला बहुतेक वेळा लॉगनॉर्मल धरतात, ते शून्याखाली जात नाही. तेच दोन दाखले लॉगनॉर्मलने केले तर क ची शक्यता ९ वरून २ टक्क्यांच्या आसपास येते आणि ख ची जवळपास चार लाखांत एक होते. डेटा तोच, साइट तीच, फक्त कर्व्ह बदलला. क्रम बदलला नाही, आकडे मात्र कुठच्या कुठे गेले. तेव्हा 'फेल होण्याची शक्यता ०.१ टक्का' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर ती तुलनेची मोजपट्टी समजा. हजार इमारती बांधल्या की बरोब्बर एक पडेल असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही, शिवाय प्रत्यक्षात बऱ्याचदा इमारत पडते ती ड्रॉइंग चुकल्याने किंवा पाणी साचू दिल्याने, आणि ते कुठल्याच कर्व्हमध्ये नसतं.

आता हातात आकडे घेऊन बघू. समजा मऊ चिकणमातीच्या साइटवरून दहा ठिकाणची अनड्रेन्ड स्ट्रेंग्थ आली, किलोपास्कलमध्ये: १८, २२, २५, २७, ३०, ३१, ३४, ३८, ४४, ५१. सरासरी ३२, स्टँडर्ड डेव्हिएशन १०, सीओव्ही ३२ टक्के, म्हणजे पुस्तकातल्या रेंजमध्येच. डिझाइनला कुठला आकडा घ्यायचा? एक जण म्हणेल सरासरी, ३२. घाबरट माणूस म्हणेल सगळ्यात कमी, १८. काँक्रीटची सवय असलेला म्हणेल ५ टक्केवाला, म्हणजे ३२ वजा १.६५ गुणिले १०, साधारण १५. तुलनेपुरतं लांब पट्टीसारख्या फुटिंगचं ५.१४ गुणिले स्ट्रेंग्थ भागिले ३ केलं तर (१० किलोपास्कल म्हणजे साधारण १ टन प्रति चौरस मीटर) सरासरीवाल्याला साडेपाच टन मिळतात आणि १८ वाल्याला तीन. एकाच रिपोर्टवरून जवळपास दुप्पट फरक, आणि दोघंही म्हणणार आम्ही फॅक्टर तीनच घेतलाय!

युरोकोड ७, म्हणजे युरोपचा जिओटेक्निकल कोड, यावर म्हणतो की जी लिमिट स्टेट (फुटिंग खचणं वगैरे बिघाडाची हद्द) तपासताय तिच्यावर परिणाम करणाऱ्या मूल्याचा सावध अंदाज घ्या. वाक्य किचकट आहे पण त्यातली 'परिणाम करणाऱ्या' ही खोच फार महत्त्वाची. फुटिंग खचतं तेव्हा माती एका बिंदूवर तुटत नाही, काही मीटर लांबीच्या वक्र पृष्ठावर सगळीकडे सरकते, त्या वाटेवर १८ पण लागतो आणि ४४ पण लागतो, आणि कामी येते ती वाटेवरची सरासरी. म्हणून आपल्याला ५ टक्केवाला सुटा बिंदू नकोय, खरी सरासरी किती खाली असू शकते ते हवंय. दहा आकड्यांवरून ९५ टक्के खात्रीने सरासरीचा खालचा अंदाज काढला तर २६ येतो. स्वित्झर्लंडच्या श्नायडर यांचा एक झटपट नियम आहे, सरासरीतून अर्धं स्टँडर्ड डेव्हिएशन वजा करा, त्याने येतात २७. म्हणजे १५ पण नाही, ३२ पण नाही. त्याच तीनने भागलं तर साडेचार टन.

ही सरासरीची भानगड नीट कळली की अर्धा विषय कळला, म्हणून जरा अजून. जवळजवळची माती एकसारखी असते, लांबची वेगळी. किती लांब गेलं की ओळख तुटते त्या अंतराला स्केल ऑफ फ्लक्चुएशन म्हणतात, एरिक व्हॅनमार्के यांनी १९७० च्या दशकात हे गणित मांडलं. चिकणमातीत हे अंतर उभ्या दिशेला साधारण १ ते ६ मीटर आणि आडव्या दिशेला ४०-६० मीटर असं मिळालेलं आहे, जे बरोबरच आहे कारण गाळ थराथराने बसतो. आपल्या उदाहरणात उभं अंतर २ मीटर आणि ८ मीटर लांबीवर सरासरी होतेय असं धरलं तर दोनाला आठने भागून वर्गमूळ घ्या, अर्धा. ३२ टक्क्यांचे झाले १६. पण दहाच टेस्ट असल्यामुळे सरासरीच नक्की माहीत नाही त्याचे १० टक्के (३२ भागिले दहाचं वर्गमूळ) वेगळे, ते सरासरीने कमी होत नाहीत, ते फक्त जास्त टेस्ट करून कमी होतात. दोन्ही वर्ग करून मिळवले की १९ टक्के. आणि हातोडा कायम ६५ वरूनच पडत असेल तर ती चूक कितीही सरासरी काढली तरी जागची हलत नाही.

यावरून पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबासारख्या पायाचं पण कळतं. वीस मीटर पाइलचं घर्षण वीस मीटर मातीतून सरासरी होऊन येतं म्हणून ते तसं भरवशाचं, टोकाची बेअरिंग मात्र टोकाजवळच्या थोड्याशा मातीवर आणि तळ किती साफ केला त्यावर लटकलेली, तिला ही सवलत नाही. धरणाचा किंवा कॅनॉलचा लांबलचक बंधारा असेल तर तर गोष्ट उलटते, जितका लांब तितक्या जास्त जागा जिथे एखादा अशक्त पट्टा सापडू शकतो, आणि फुटायला एकच जागा पुरते.

आता एक किस्सा, जो जिओटेकच्या प्रत्येक वर्गात सांगतात पण रिलायबिलिटीच्या बाजूने फारसा सांगत नाहीत. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने धान्याचं प्रचंड कोठार बांधलं. १९१३ च्या सप्टेंबरात धान्य भरायला सुरुवात झाली आणि १८ ऑक्टोबरला, कोठार बऱ्यापैकी भरलेलं असताना, ते तासाभरात फूटभर खचलं आणि मग चोवीस तासांत सावकाश कलत जवळजवळ २७ अंशांवर जाऊन थांबलं. पायाच्या पातळीवर छोटी प्लेट ठेवून, तिच्यावर भार देऊन टेस्ट केली होती आणि माती चांगली निघाली होती. खोटं काही नव्हतं, वरची चिकणमाती खरोखरच कडक होती. पण छोट्या प्लेटचा दाब प्लेटच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंतच पोचतो, आणि कोठाराचा राफ्ट (अख्ख्या इमारतीखालचा सलग पाया) होता सुमारे २४ बाय ६० मीटरचा, त्याचा दाब पोचला खालच्या मऊ थरापर्यंत, जिथली ताकद वरच्याच्या जेमतेम अर्ध्याहून थोडी जास्त होती. हे उमगायला १९५० चं दशक उजाडलं, पेक आणि ब्रायंट यांनी तिथे बोअरिंग करून आधुनिक सूत्राने कॅपॅसिटी काढली ती खचतानाच्या दाबाशी छान जुळली. कोठार नंतर सरळ करून, खाली खडकापर्यंत पिअर्स देऊन परत वापरात आणलं, ती वेगळी कर्तबगारी.

मुद्दा असा, की त्या काळी कोणी त्या प्लेट टेस्टच्या आकड्यांचा सीओव्ही काढला असता तर तो सुंदर आला असता, बीटा पण झकास. जो थर बघितलाच नाही तो सीओव्हीत येत नाही. म्हणून जी मंडळी दोन बोअरच्या डेटावर मोंटे कार्लो (रँडम आकडे टाकून तेच गणित हजारो वेळा करणं) चालवून रंगीत ग्राफ दाखवतात त्यांच्यापासून जपून राहावं. आधी जिऑलॉजी, मग बोअर, मग स्टॅटिस्टिक्स.

बरं, बीटा किती हवा? अमेरिकेत हायवे पुलांच्या आश्तो कोडमध्ये पाइलच्या ग्रुपमधल्या पाइलला २.३३ च्या आसपास चालतो, म्हणजे साधारण शंभरात एक, कारण एक दगावला तर शेजारचे भार उचलतात. एकटाच पाइल असेल तर ३, म्हणजे साडेसातशेत एक. युरोकोड नेहमीच्या इमारतींना पन्नास वर्षांसाठी ३.८ म्हणतो, चौदा हजारांत एक. रोज डिझाइन करणारा माणूस अर्थातच बीटा काढत बसत नाही, कोड लिहिणाऱ्यांनी आधीच गणितं करून पार्शल फॅक्टर दिलेले असतात, उदाहरणार्थ युरोकोडमधल्या एका पद्धतीत अनड्रेन्ड स्ट्रेंग्थला १.४ ने भागा, फ्रिक्शन अँगलच्या टॅनला १.२५ ने. जास्त बेभरवशाच्या गोष्टीला जास्त भागाकार, एवढं साधं.

आणि हा सगळा खटाटोप करून पैसे वाचतात का, हा प्रश्न मालक विचारणारच. लॉगनॉर्मल धरून बीटा ३ पाहिजे असेल तर ३० टक्के सीओव्हीला सरासरी फॅक्टर अडीच लागतो. चांगल्या तपासणीने सीओव्ही २० वर आला तर तेवढ्याच सुरक्षिततेला १.८५ पुरतो. सेटलमेंट, म्हणजे पाया किती बसतो ते, डिझाइन ठरवत नसेल तर पायाच्या क्षेत्रफळात किंवा पाइलच्या संख्येत साधारण पाव हिस्सा कमी, आणि त्यासमोर चार जादा बोअरचा खर्च ठेवून बघा. हे एक्सेलमध्ये कोणीही करू शकतं, रँडम नंबरवरून स्ट्रेंग्थचे आकडे पाडायचे आणि फॅक्टर १ च्या खाली किती वेळा गेला ते मोजायचं, फक्त हजारात एकच्या आसपासची शक्यता शोधत असाल तर दहा हजार ट्रायलमध्ये दहाच फेल सापडतील, त्यावर विश्वास टाकू नका, लाखभर तरी घ्या. आणि डेटा फारच कमी असेल तर अनुभवी माणसाला विचारायचं की ह्या मातीचा अँगल कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकतो, २८ ते ४० म्हणाला तर फरकाला ६ ने भागा, २ अंश स्टँडर्ड डेव्हिएशन. अनुभवी माणसं रेंज सांगताना ताठ असतात, हमखास अरुंद सांगतात, म्हणून बरेच जण ४ ने भागतात, मी पण त्याच पक्षाचा.

आपल्याकडे अडचण अशी की वरचं काँक्रीट लिमिट स्टेटने आणि खालची माती अजून जुन्याच फॅक्टर ऑफ सेफ्टीने. पाइलच्या भारतीय कोडप्रमाणे, आयएस २९११ प्रमाणे, इनिशियल पाइल टेस्ट (आधी खास चाचणीसाठी केलेल्या पाइलवर) अडीचपट लोडपर्यंत आणि रुटीन टेस्ट (कामातल्याच पाइलवर) दीडपट. युरोकोडमध्ये एकच पाइल टेस्ट केली तर निकाल १.४ ने भागायचा आणि पाच केल्या तर १ ने, म्हणजे भागायचंच नाही, टेस्टवर केलेल्या खर्चाचं सरळ बक्षीस. आपल्या साइटवर रुटीन टेस्टमध्ये पाइल चार मिलिमीटर बसला, पास, सही, बिल. तेवढ्यावरून पुढच्या पाइलची लांबी कमी करता येईल का हे विचारायची कोणाला मुभाही नसते आणि उत्साहही. पण एक गोष्ट कोडची वाट न बघता आजच होऊ शकते, सॉइल रिपोर्ट देणाऱ्याला सांगायचं की प्रत्येक डिझाइन पॅरामीटरसमोर किती टेस्ट, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि सीओव्ही किती हे चार रकाने घाल. आकडे त्याच रिपोर्टच्या मधल्या पानांत आधीच पडलेले असतात, त्यासाठी एक रुपया जास्त मागायचं कारण नाही, आणि कोणी मागितला तर त्याने ती पानं स्वतः वाचली नाहीत असं खुशाल समजा.